लेकीला भेटायला ताश्कंदला

आमच्या मराठवाड्यात ‘बाहेर गेला’ म्हटलं की पूर्वी एकच अर्थ निघायचा. सौदी, दुबई, कुवेत, नाहीतर मस्कत. गेलेला माणूस दोन-तीन वर्षांनी जाड ब्लँकेट, खजूर आणि अत्तराच्या बाटल्या घेऊन परत यायचा आणि महिनाभर त्याच्या घरी पाहुण्यांची रीघ लागायची. अलीकडे या शब्दाला दुसरा अर्थ आला आहे. नांदेडच्या देगलूर नाक्यावर किंवा लातूरच्या गंजगोलाईमागच्या गल्ल्यांमध्ये आज कुणी ‘आमची पोरगी बाहेर आहे’ म्हणालं, तर ती बिश्केक, ताश्कंद किंवा समरकंदला डॉक्टरकी शिकत असते.

याचं कारण वाचकांना सांगायला नको. ‘लातूर पॅटर्न’च्या नावाने अख्ख्या राज्यातून मुलं लातूर-नांदेडला येतात, खोल्या घेऊन राहतात, दोन-दोन वर्षं नीटची तयारी करतात. देशभरात 2024 मध्ये या परीक्षेसाठी 24 लाखांच्या आसपास नोंदणी झाली आणि जागा होत्या लाखाच्या थोड्या पुढे. सरकारी कॉलेज थोड्या गुणांनी हुकलं की खासगी कॉलेजची फी ऐकून बापाचा घसा कोरडा पडतो. मग कुणीतरी एजंटचा नंबर देतो. आमची लेक अशीच ताश्कंदला गेली आणि आता दुसऱ्या वर्षाला आहे.

लातूरच्या आमच्या आपांची धाकटी मुलगीही नीटला बसणार होती. परीक्षा होती 4 मे 2025 ला. आपांचं म्हणणं असं, की नंबर लागला तर अलहम्दुलिल्लाह, नाही लागला तर निकालानंतर घाईघाईत एजंटच्या रंगीत पुस्तिकेवर विश्वास ठेवून मुलीला पाठवायचं नाही. आधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं. भाची म्हणाली, “अम्मी, तुम्ही घरात नसलात तरच माझा अभ्यास नीट होईल.” दादी सोबतीला होतीच. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात निघायचं, 29 ला परतायचं, म्हणजे परीक्षेच्या तीन-चार दिवस आधी आपा लातूरला, असा हिशोब झाला. आम्ही दोघं आणि आपा, असे तिघं निघालो.

ताश्कंदला दिल्लीहून विमान पूर्वीपासून आहे, ते उझबेक कंपनीचं. 22 सप्टेंबर 2023 पासून एका भारतीय कंपनीनेही दिल्ली-ताश्कंद थेट सेवा सुरू केली आणि आमच्यासारख्या पालकांना मोठा आधार वाटला. तिकिटाला दुसरा पर्याय झाला, फोनवर हिंदीत बोलणारं माणूस मिळू लागलं. व्हिसाही घरबसल्या मिळतो. उझबेकिस्तानचा ई-व्हिसा 20 डॉलरचा, महिनाभराच्या मुक्कामाचा. आमच्या वालिद साहेबांना हजच्या कागदपत्रांसाठी किती फेऱ्या माराव्या लागल्या होत्या ते आठवलं, की हे सगळं फार सोपं वाटतं.

नांदेडहून दिल्लीला सचखंड एक्स्प्रेसने गेलो. सकाळी गाडी सुटते, दुसऱ्या दिवशी दुपारी दिल्ली. या गाडीचं एक वैशिष्ट्य सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. वाटेतल्या काही स्टेशनांवर शीख सेवेकरी लंगर घेऊन उभे असतात. ज्याच्याकडे भांडं असेल त्याला कढी-भात, डाळ, भाजी मिळते. नाव-गाव कुणी विचारत नाही. आपांनी औरंगाबादला डबा पुढे केला, सेवेकऱ्याने तो काठोकाठ भरला आणि “माताजी, और?” म्हणून थांबला.

नांदेड ते दिल्ली रेल्वेने साधारण 1600 किलोमीटर. दिल्ली ते ताश्कंद हवेतून साधारण तेवढंच. पहिल्याला सत्तावीस तास लागले, दुसऱ्याला तीन. आपा हे गणित पुढे आठ दिवस भेटेल त्याला सांगत होत्या.

विमानात आमच्यासारखी वयस्कर जोडपी थोडी होती. दिल्ली-पंजाबकडचे पर्यटकांचे गट होते, दिल्लीच्या हॉस्पिटलात उपचार घेऊन परतणाऱ्या उझबेक बायका होत्या, त्यांच्या पिशव्यांतून मसाले आणि ओढण्या डोकावत होत्या. बाकी सगळी विद्यार्थी मंडळी. आमच्या पुढच्या रांगेतल्या मुलाच्या मांडीवर प्रेशर कुकर होता. सामानाचं वजन भरल्यावर तो हातात घ्यावा लागला असणार. आमच्या बॅगेतही ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, कैरीचं लोणचं आणि खट्ट्यासाठी चिंच होती. लेकीने फोनवर यादीच दिली होती आणि यादीच्या शेवटी लिहिलं होतं, ‘बाकी काही नको, तुम्ही या.’

दिल्ली सोडून अर्धा-पाऊण तास झाला असेल. शेजारचा एक मुलगा मोबाइलवरचा नकाशा दाखवत म्हणाला, “चाची, आता आपण पाकिस्तानवर आहोत.” आपांनी खिडकीतून वाकून पाहिलं. खाली पिवळट-हिरवी शेतं होती, आपल्यासारखीच. मग डोंगर सुरू झाले, त्यांवर बर्फ, आणि बराच वेळ बर्फाखेरीज काही दिसलं नाही. उतरल्यावर घड्याळ अर्धा तास मागे घेतलं. परदेशी गेलो आणि वेळेत फरक फक्त अर्ध्या तासाचा, याचं आम्हाला नवल वाटत राहिलं.

मुंबई-दिल्ली पाहिलेल्या माणसाला ताश्कंद लहान वाटतं. राजधानी असून गोंगाट नाही. रस्ते रुंद, दुतर्फा झाडं, फुटपाथवर माणसं खरंच चालतात. भुयारी मेट्रो 1977 पासून आहे आणि तिची काही स्टेशनं एखाद्या जुन्या हवेलीच्या दिवाणखान्यासारखी सजवलेली आहेत. पैशांची मात्र गंमत आहे. तेव्हा आपल्या एका रुपयाला दीडशेच्या आसपास सोम मिळत होते. आपांनी आयुष्यात पहिल्यांदा लाखाची नोट हातात धरली. तिची किंमत साडेसहाशे रुपयांच्या जवळपास आहे हे कळल्यावर त्यांनी ती नाराजीने पर्समध्ये ठेवली.

भाषा येत नाही ही धास्ती दुसऱ्या दिवशी चोर्सू बाजारात संपली. मोठ्या निळ्या घुमटाखाली भरलेला हा बाजार. आपण जिथे ‘आ’ म्हणतो तिथे ते बऱ्याचदा ‘ओ’ म्हणतात, एवढं लेकीने शिकवलं आणि कुलूप उघडलं. बाजार म्हणजे बोझोर, नान म्हणजे नोन, मेहमान म्हणजे मेहमोन, किताब म्हणजे कितोब. कांदा पियोझ, मांस गोश्त, चहाचा प्याला पियोला. औषधाचं दुकान दोरीखोना. आपल्या दवादारूतली दारू तिथे अजून शाबूत आहे. आभार मानायला ‘रहमत’ म्हणायचं, किती गोड! फसगत एकदाच झाली. आपांनी ‘सब्झी, सब्झी’ म्हणून भाजी मागितली आणि बाईने दोन किलो गाजरं तोलली. तिथे सब्झी म्हणजे गाजर. पुलावात ते एवढं घालतात की आपल्या तहारीला सवकलेल्या जिभेला तो आधी गोडसर लागतो. तिसऱ्या दिवशी मात्र आम्ही स्वतःहून मागून खाल्ला.

पर्दा करणाऱ्या भगिनींसाठी एक माहिती. डोक्यावर स्कार्फ किंवा ओढणी घ्यायला अडचण नाही, पण 2023 च्या कायद्यानुसार सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकता येत नाही. आपा चेहरा झाकत नाहीत, म्हणून आम्हाला प्रश्न पडला नाही. मुलीला शिकायला पाठवणाऱ्या घरांनी मात्र हे आधी माहीत करून घ्यावं.

हजरती इमाम चौकात हजरत उस्मान (रजि.) यांच्या नावाने ओळखलं जाणारं कुरआनचं फार प्राचीन हस्तलिखित पाहिलं. हरणाच्या कातड्याची मोठी पानं, जाड कूफी अक्षरं. 1869 मध्ये रशियनांनी ते पीटर्सबर्गला नेलं आणि क्रांतीनंतर ते परत आलं. ते खुद्द हजरत उस्मानांच्या काळचं की त्यानंतरचं, यावर अभ्यासकांचं म्हणणं वेगळं आहे. आम्ही वाद घालायला गेलो नव्हतो. काचेसमोर उभं राहिल्यावर आपांच्या ओठांवर आपोआप दरूद आलं.

पण आपांना इमारती पाहायच्या नव्हत्या, कॉलेज पाहायचं होतं. दोन दिवस त्या लेकीच्या हॉस्टेलवर जाऊन बसल्या आणि पोरींना प्रश्न विचारत राहिल्या. आम्ही त्यांना इतकं बोलताना क्वचित पाहिलं आहे. हिवाळ्यात खोलीत ऊब असते का? रात्री आजारी पडलं तर कोण नेतं? स्वयंपाकघर किती जणींना मिळून? शिकवणं इंग्रजीत, हे खरं का? हे खरं आहे, असं कळलं. पण वॉर्डात पेशंट उझबेक बोलतो, नाहीतर रशियन. “जिला ती भाषा येत नाही, ती पेशंटच्या पायथ्याशी नुसती उभी राहते,” असं बीडकडच्या एका मुलीने सरळ सांगितलं. आमची लेक म्हणाली, “फुफी, मी पहिल्या वर्षापासून बाजारात शिकले. गाजरापासून सुरुवात केली.”

जी गोष्ट एजंट हळू आवाजात सांगतो ती आम्ही इथे मोठ्याने लिहितो. परदेशी एमबीबीएसला जायचं तरी भारतातली नीट पात्र व्हावीच लागते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर 2021 च्या नियमांप्रमाणे अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा हवा, वर 12 महिन्यांची इंटर्नशिप तिथेच करायला हवी. परत आल्यावर परवान्याची परीक्षा आहे, 300 पैकी 150 गुण मिळाले तरच पास. अलीकडच्या काही फेऱ्यांत चार-पाचांत एकच पास झाला आहे. आणि त्यानंतर इथली इंटर्नशिप. म्हणजे गेलेली मुलगी डॉक्टर होऊन उभी राहीपर्यंत सात वर्षं सहज जातात. पहिल्या वर्षाच्या फीच्या आकड्यावर भुलून चालत नाही.

22 एप्रिलच्या संध्याकाळी पहलगामची बातमी आली. आमच्या छोट्या हॉटेलात दिल्लीचा एक गट उतरला होता, गुजरातचं एक कुटुंब होतं आणि आम्ही. जो तो आपापल्या मोबाइलमध्ये मान घालून उभा. बैसरनच्या कुरणात फिरायला गेलेली निरपराध माणसं मारली होती, त्यांत महाराष्ट्रातले सहाजण. पर्यटकांना वाचवायला गेलेला तिथला एक गरीब घोडेवालाही गेला, हे नंतर समजलं. त्या रात्री जेवण कुणाला गेलं नाही. नावं आणि धर्म विचारून मारल्याच्या बातम्या येत होत्या आणि आम्ही त्या दालनात आमच्याच देशाच्या माणसांमध्ये नजर कुठे ठेवावी या विचारात उभे होतो. दिल्लीच्या गटातल्या एक वयस्कर बाई आपांच्या शेजारी येऊन बसल्या. दोघी काही बोलल्या नाहीत. बराच वेळ तशाच बसल्या.

24 तारखेला आम्ही समरकंदला होतो. वेगवान अफ्रोसियोब रेल्वेने दोन-सव्वादोन तासांत पोहोचवलं. रेगिस्तान चौकातले तीन मदरसे, त्यांतला उलुगबेगाचा सर्वांत जुना, 1420 मध्ये पूर्ण झालेला. जिथे राजा स्वतः ताऱ्यांचा अभ्यास करायचा, त्या शहरात आज मराठवाड्याच्या मुली शरीरशास्त्र शिकतात, हे आम्हाला निळ्या मिनारांपेक्षा जास्त भावलं. खरतंगला इमाम बुखारी (रह.) यांच्या मजारीवर मोठं बांधकाम चालू होतं, दुरूनच फातिहा पढली. त्याच दिवशी पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं.

आम्हाला याचा अर्थ दुसऱ्या दिवशी, जुम्याच्या नमाजनंतर कळला. मोबाइलवर संदेश होता, 28 एप्रिलपासून 7 मेपर्यंतची ताश्कंदची विमानं रद्द. अल्माटीचीही. आमचं तिकीट 29 चं.

कारण साधं आहे, नकाशा पाहिला की दिसतं. दिल्लीहून ताश्कंदचा सरळ रस्ता पाकिस्तानवरून जातो. तो बंद झाला तर खाली अरबी समुद्राकडे उतरून इराणवरून लांब वळसा घ्यावा लागतो आणि या मार्गावरच्या लहान विमानांचा तेवढा पल्ला नाही. उत्तरेला हिमालय आणि काराकोरम आडवे. तीन तासांचा रस्ता एका आदेशाने नाहीसा झाला. आकाशातही वेस असते, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

आपा गप्प झाल्या. 4 मेला मुलीची परीक्षा. परीक्षेच्या सकाळी तिच्या कपाळावर हात ठेवून दुआ पढायची, दहावीपासूनचा रिवाज. लेक आणि तिच्या मैत्रिणींनी लॅपटॉप उघडले. दुबईवरून, अल्माटीवरून, काय काय शोधलं. भाडी ऐकून आम्ही नको म्हणालो. उझबेक कंपनीची विमानं उडत होती, कारण बंदी भारतीय विमानांना होती. पण अडकलेले सगळेच तिकडे धावले होते.

26 तारखेला वाट पाहण्याशिवाय काही हातात नव्हतं, म्हणून लेक आम्हाला भूकंपाच्या स्मारकाकडे घेऊन गेली. 26 एप्रिल 1966 ला पहाटे 5 वाजून 23 मिनिटांनी ताश्कंद हादरलं होतं. जुनं शहर बसलं, सुमारे तीन लाख लोक बेघर झाले. आज दिसणारे रुंद रस्ते त्यानंतरचे. स्मारकात काळ्या दगडाचा एक चौकोनी ठोकळा आहे, मधोमध तडकलेला, त्यावर ती वेळ कोरलेली. तारीख तीच असल्याने लोक फुलं ठेवत होते.

आपांचं सासर औसा तालुक्यातलं, किल्लारीपासून जवळ. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, 3 वाजून 56 मिनिटं. गणपती विसर्जनाची रात्र नुकतीच संपली होती. त्या पहाटे आपांनी सासरचे काही जिवलग गमावले. आम्ही ते घरात कधी काढत नाही. आपा त्या तडकलेल्या दगडासमोर उभ्या राहिल्या. एका उझबेक आजीने खुणेने विचारलं, तुमचं कोण? आपांनी हाताने दूर, दक्षिणेकडे दाखवलं आणि दगडासारखी मूठ मिटून हलवली. आजीला समजलं. तिने तळहात उघडले, आपांनीही उघडले. दोघींनी एकत्र दुआ केली, आणि आजीने पिशवीतली अर्धी नोन मोडून आपांच्या हातात दिली.

परतताना शास्त्रीजींच्या पुतळ्यापाशी थांबलो. लालबहादूर शास्त्री याच शहरात पाकिस्तानबरोबर ताश्कंद करारावर सही करून 11 जानेवारी 1966 च्या पहाटे गेले. यावर आम्ही तिघांपैकी कुणीच काही बोललं नाही.

28 ला रात्री एक तिकीट मिळालं, सकाळी आणखी दोन. 1 मे चं विमान. भाडं आमच्या आल्या-गेल्या खर्चापेक्षा जास्त. विमानतळावर लेकीने आम्हा दोघांना मिठी मारली, मग आपांच्या कानात काहीतरी सांगितलं. काय ते आपांनी अजून सांगितलेलं नाही. विमान पाकिस्तानवरूनच गेलं. शेपटीवर दुसऱ्या देशाचं चिन्ह होतं, एवढाच फरक.

2 तारखेला दुपारी दिल्लीहून सचखंड, 3 ला दुपार टळल्यावर नांदेड, तिथून जीप. लातूरला पोहोचलो तेव्हा इशाची अजान होत होती. भाची पुस्तक मिटून दारात उभी होती. सकाळी आपांनी कपाळावर हात ठेवला.

त्या वर्षी फिजिक्सचा पेपर भल्याभल्यांना जड गेला. 14 जूनला निकाल आला, भाची पात्र झाली, पण सरकारी कॉलेज मिळण्याइतके गुण नव्हते. आपांनी एजंटला परत पाठवलं नाही, पण हो पण म्हणाल्या नाहीत. त्यांनी एका वहीत सगळं लिहून ठेवलं आहे. हॉस्टेलची ऊब, वॉर्डातली भाषा, परतीची परीक्षा. शेवटच्या पानावर एक प्रश्न आहे, ‘रस्ता बंद झाला तर मी किती दिवसांत पोहोचेन?’ त्यापुढची जागा अजून कोरी आहे. भाची यंदा बीएस्सीला नाव घालून नीट पुन्हा देणार म्हणते, आणि मोबाइलवर आमच्या लेकीकडून रोज पाच उझबेक शब्द शिकते.